गोष्ट, वार्ता आणि हकीकत : सुरतेतील मराठी मुलाने साहित्यप्रकार कसे ओळखावेत?

काही वर्षांपूर्वी सुरतेच्या उधना भागात एका मराठी कुटुंबाकडे मुक्कामाचा योग आला. खानदेशातून पोटासाठी आलेल्या या घराची आता तिसरी पिढी तेथे वाढते आहे. रात्री जेवणे झाल्यावर आजोबांनी सहावीत शिकणाऱ्या नातीची मराठीची उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. ‘पुढील उताऱ्याचा साहित्यप्रकार ओळखा’ असा प्रश्न होता आणि उतारा कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टीचा होता. मुलीने उत्तर लिहिले होते, ‘वार्ता’. त्यावर तांबडी फुली आणि समासात शेरा : वार्ता म्हणजे बातमी. मुलगी हिरमुसली होती. तिचे म्हणणे एवढेच, की शेजारच्या मैत्रिणीच्या पुस्तकात हीच गोष्ट आहे आणि तिथे तिला ‘वार्ता’च म्हटले आहे. आजोबांनी मला विचारले, “दादा, आता तुम्हीच सांगा, पोरगी चुकली का?”

मराठीच्या हिशेबाने शिक्षकाचा शेरा बरोबर होता आणि गुजरातीच्या हिशेबाने मुलीचे उत्तर बरोबर होते. गुजरातीत गोष्टीला ‘वार्ता’ म्हणतात. त्या मुलीने गोष्ट अचूक ओळखली होती. फक्त तिला जे नाव दिले, ते पलीकडच्या घरातले होते. ओळखणे आणि नाव देणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. सीमेवर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा फरक आपण विसरलो, तर त्याच्या समजुतीलाच आपण अडाणीपणा ठरवू. प्रस्तुत लेखात सुरतेच्या इतिहासातून या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. बेळगाव, बिदर, डांग वा उंबरगाव येथील वाचकांनाही त्यात आपल्या घरची गोष्ट दिसेल.

एका शहरात एका प्रकाराची अनेक नावे

सुरत हे शहर बहुभाषक आहे. तेथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात. तापीच्या काठाकाठाने जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास अंमळनेरपर्यंत पोहोचला आणि खानदेश सुरतेच्या हाकेच्या अंतरावर आला. पुढे कापडाच्या धंद्याने खानदेशी, उडिया, तेलुगू, हिंदी भाषक अशी सर्व प्रकारची माणसे या शहरात ओढून आणली. त्यांची मुले एकाच गल्लीत खेळतात आणि वेगवेगळ्या भाषांतली पुस्तके वाचतात.

आता केवळ कादंबरीचे उदाहरण घ्या. मराठीने हे नाव बाणभट्टाच्या संस्कृत ‘कादंबरी’वरून घेतले, एका ग्रंथाचे, किंबहुना त्यातील नायिकेचे विशेषनाम आपण साऱ्या साहित्यप्रकाराला दिले. गुजराती माणसाला ‘कादंबरी’ म्हटले की तो एकच ग्रंथ आठवतो, किंवा भालण कवीने मध्ययुगात केलेले त्याचे गुजराती रूप. साहित्यप्रकाराला तो ‘नवलकथा’ म्हणतो. ‘नवलकथा’ हा शब्द मराठी मुलाच्या कानावर पडला, की त्याला नवलाची कथा म्हणजे परीकथा किंवा राक्षसाची गोष्ट वाटते. हिंदी आणि उडिया मुलांसाठी हाच प्रकार ‘उपन्यास’ असतो. तेलुगू विणकराच्या मुलाला मात्र ‘उपन्यासम्’ म्हणजे भाषण, आणि त्याच्या भाषेत कादंबरीला म्हणतात ‘नवल’. बेळगावच्या वाचकांना येथे हसू येईल, कारण कन्नडमध्येही ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान; आणि कादंबरीला कन्नड माणूस आपल्यासारखेच ‘कादंबरी’ म्हणतो. म्हणजे जे नाव बेळगावात दोन भाषांना जोडते, तेच सुरतेत दोन भाषांना वेगळे करते.

हाच घोळ लहान मुलांच्या जवळच्या प्रकारांतही आहे. गुजरातीत ‘उखाणुं’ म्हणजे कोडे. आपल्याकडे उखाणा म्हटला की नवरीने नाव घेणे आठवते. आपण ज्याला अंगाई किंवा पाळणा म्हणतो, ते तिकडे ‘हालरडुं’ आणि आपली बडबडगीते ती तिकडची ‘जोडकणां’. आपल्याकडे ‘चरित्र’ म्हणजे एखाद्या थोर व्यक्तीची जीवनकथा. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे त्या व्यक्तीची वर्तणूक, आणि पुष्कळदा नाटकातले पात्रसुद्धा. बोधकथा, लोककथा, परीकथा, दंतकथा, नाटक, प्रहसन, निबंध ही नावे मात्र मराठी-गुजराती दोघांचीही आहेत. मुलाला हा नकाशा एकदा हाती दिला, की त्याची अर्धी भीती जाते.

१८२६ ते १८६६ : सुरतेचा छापील वाचक घडला तो काळ

मराठी आणि गुजराती मुलांची छापील पुस्तके जवळजवळ एकाच पाळण्यात वाढली. मुंबईतील शिक्षणसंस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन्ही भाषांत शाळेची पुस्तके तयार करवून घेतली. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे आपले बापू छत्रे, यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ मध्ये निघाली. ‘बाळमित्र’ हे त्यांचे पुस्तक बर्क्विन नावाच्या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून केलेले भाषांतर होते. १८३० च्या ‘वेताळपंचविशी’सह ही तीन पुस्तके शेजारी ठेवून पाहा. एकात जनावरे बोलतात आणि शेवटी तात्पर्य येते. दुसऱ्यात घरातली मुले असतात, त्यांचे हट्ट आणि पश्चात्ताप असतो. तिसऱ्यात राजा असतो, प्रेत असते आणि प्रत्येक कथेच्या शेवटी एक पेच असतो. मराठी मुलाला आरंभीच तीन निरनिराळे कथाप्रकार मिळाले होते; त्यांना वेगळाली नावे द्यायला मात्र कोणी बसले नव्हते.

त्याच सुमारास गुजरातीतही इसापच्या कथा छापल्या गेल्या. मुंबईत शिकून तयार झालेले दुर्गाराम मेहताजी १८२६ मध्ये सुरतेत सरकारी शाळेवर रुजू झाले. पुढे १८४० च्या दशकात मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हेही शिक्षक म्हणून सुरतेत होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. दादोबा आणि दुर्गाराम यांनी २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली, हे सुधारणेच्या इतिहासात नमूद आहे. भाषेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की आधुनिक मराठीचा पहिला मोठा व्याकरणकार आणि आधुनिक गुजराती शाळेचा एक पहिला शिक्षक एकाच गावात, एका बैठकीत बसत होते. सुरतेत मराठी परकी आहे असे म्हणणाऱ्यांना हे सांगितले पाहिजे, आणि गुजराती आपली नव्हे असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांनाही ते सांगितले पाहिजे.

यानंतरच्या वीस वर्षांत सुरतेच्या लेखकांनी गुजराती गद्याचे प्रकार एकामागून एक उभे केले. नर्मदाशंकर दवे, म्हणजे कवी नर्मद (१८३३–१८८६), यांनी निबंध लिहिले, आपल्या शहराचा इतिहास ‘सुरतनी मुखतेसर हकीकत’ या नावाने लिहिला आणि ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहून ठेवले. हकीकत हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. आपण ‘हकिगत’ म्हणतो. जे घडले तेच सांगतो, अशी जबाबदारी लेखकावर टाकणारे हे नाव. शहराचा इतिहास आणि स्वतःचे आयुष्य, दोन्हींना नर्मदांनी हे एकच नाव द्यावे, यात त्या काळाची सत्याविषयीची ओढ दिसते.

सुरतेचेच नंदशंकर मेहता यांनी १८६६ मध्ये ‘करण घेलो’ प्रसिद्ध केली. ही गुजरातीतील पहिली नवलकथा मानतात. इंग्रजी धर्तीची कथा आपल्या भाषेत असावी, ही एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याची इच्छा तिच्यामागे होती. गुजरातच्या शेवटच्या वाघेला राजाची ही कहाणी आहे. ‘घेलो’ म्हणजे वेडा. राज्य गमावलेला हा राजा आश्रयाला आला तो बागलाणात, आणि त्याच्या मुलीचे नाते जुळत होते ते देवगिरीच्या यादवांशी. म्हणजे गुजरातीतील पहिली कादंबरी लिहिली गेली सुरतेत, आणि तिचे कथानक सरकत येते ते आजच्या नाशिक-संभाजीनगरच्या मुलखात. मराठीत बाबा पद्मनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आले होते. पण ऐतिहासिक कादंबरी म्हणावी अशी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली ती १८७१ मध्ये, ‘करण घेलो’नंतर पाच वर्षांनी. शेजाऱ्याने आपल्या आधी केलेली गोष्ट मान्य करण्यात कमीपणा नाही.

सगळेच ‘धडे’

असे प्रकार उभे राहत असतानाच शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी ते पुन्हा एकजीव करून टाकले. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठीत मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली आणि गुजरातीत थिओडोर होप यांच्या पुढाकाराने वाचनमाला तयार झाल्या. हेच होप पुढे सुरतेचे कलेक्टर झाले आणि तापीवरचा १८७७ चा ‘होप पूल’ त्यांच्या नावाने ओळखला गेला. या वाचनमालांचे उपकार मोठे आहेत. खेड्यातल्या मुलाच्या हाती शुद्ध छापलेले पुस्तक आले ते त्यांच्यामुळे.

परंतु क्रमिक पुस्तकात गोष्ट, चरित्र, प्रवासवर्णन, शास्त्रीय माहिती, पत्र असे सारे एका बांधणीत येते आणि त्या सर्वांना एकच नाव मिळते : ‘धडा’, गुजरातीत ‘पाठ’. वेगळे ठरते ती फक्त कविता, कारण तिच्या ओळी तोकड्या छापलेल्या असतात. मग प्रत्येक धड्याखाली तोच प्रश्न, की यातून काय बोध होतो? इसापच्या कथेला हा प्रश्न शोभतो, कारण ती बोधासाठीच रचलेली असते. तो प्रश्न प्रवासवर्णनाला विचारला की मूल गोंधळते, आणि विनोदी कथेला विचारला की हसू विरते. आजही अनेक मराठी घरांत मुलाने पुस्तक मिटले की पालक विचारतात, ‘काय शिकलास?’ या प्रश्नाचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे.

कोट घातलेला बोकड

हे जोखड सैल करण्याचे एक मोठे काम सुरतेनेच केले. १९३६ पासून सुरतेच्या ‘गांडीव’ या मुलांच्या पाक्षिकात हरिप्रसाद व्यास यांच्या ‘बकोर पटेल’च्या कथा येऊ लागल्या. बकोर पटेल हा बोकड आहे. तो माणसांसारखे कपडे घालतो, त्याची पत्नी शकरी पटलाणी आहे, मित्रमंडळीत वाघजीभाई वकील आहेत. सारी पात्रे जनावरे, पण अडचणी आपल्या घरातल्या : पाहुणे, प्रवास, खरेदी, नवी वस्तू घरात आणल्यावर होणारी फजिती.

येथे साहित्यप्रकार ओळखण्याचा एक उत्तम धडा आहे. जनावरे बोलतात म्हणून मूल चटकन म्हणते, ‘ही इसापनीती.’ त्याला विचारावे, इसापच्या कथेत कोल्ह्याला नाव असते का? नसते, तो कोणताही कोल्हा असतो, कारण तो एका स्वभावाचा प्रतिनिधी असतो. बकोर पटेलला नाव, घर, ओळखीपाळखी आहेत आणि तो पुढच्या अंकात पुन्हा भेटतो. इसापची कथा दहा ओळींत संपते आणि तात्पर्य सांगून निरोप घेते. बकोर पटेलची कथा फजितीवर संपते आणि वाचकाला हसत ठेवते. वाघ आणि बोकड एकाच दिवाणखान्यात चहा घेतात, म्हणजे जंगलाचा नियम येथे लागूच नाही. ही विनोदी कथामाला आहे, बोधकथा नव्हे. हा भेद मुलाच्या स्वतःच्या निरीक्षणातून निघाला, की पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचताना ‘हीसुद्धा मालिकाच, पण साहसाची’ हे ते आपण होऊन सांगते.

या काळातील दुसरे काम भावनगरचे. गिजुभाई बधेका यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ लिहिले आणि कोणत्या वयाच्या मुलाला कोणत्या जातीची गोष्ट सांगावी याचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. त्यांच्या सहकारी होत्या आपल्या ताराबाई मोडक. ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत चालवली, आणि १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आपले काम हलवले; पुढे ते कोसबाडला गेले. बोर्डीपासून उंबरगाव हाकेच्या अंतरावर. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्य संपले, त्या वेळी उंबरगावकडील गावे आणि पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली. रेषा आखली गेली. पण गिजुभाईंचा ‘वार्ता’विषयीचा विचार ताराबाईंमुळे त्या आधीच मराठी ‘गोष्टी’त मिसळून गेला होता.

१६६४ : एक घटना, अनेक प्रकार

आता ज्या कारणासाठी हा विषय मला निकडीचा वाटतो, त्याकडे येतो. सुरतेतील मराठी मुलाला कधी ना कधी वर्गमित्र विचारतो, ‘तुमच्या राजाने आमचे शहर लुटले ना?’ मुलाने घरी ऐकलेले असते की ती पराक्रमाची गाथा. एक जण ओरडतो, दुसरा मान खाली घालतो. दोघांपाशीही उत्तर नसते, कारण आपण जे ऐकले ते कोणत्या प्रकारच्या लेखनातून आले, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

घटना अशी. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होरा, हाजी झहीद बेग यांसारख्या बड्या सावकारांची घरे लुटली गेली, शहराचा बराच भाग जळाला. इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी राखल्या. १६७० च्या ऑक्टोबरात दुसरी स्वारी झाली.

ही घटना मुलापर्यंत किती वाटांनी येते ते पाहा. इंग्रज वखारीची पत्रे त्याच दिवसांतली आहेत, म्हणून ती मोलाची. पण लिहिणाऱ्यांना विलायतेतील धन्यांपुढे आपले शौर्यही मांडायचे होते. बर्नियेचे प्रवासवर्णन सांगते की कॅपुचिन पाद्री अँब्रोझ यांच्या ठिकाणाला धक्का लावला गेला नाही. बर्निये मात्र त्या वेळी तेथे नव्हता, त्याने ऐकलेले लिहिले. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर जिंजीला, घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी, राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली. हेरप्रमुख बहिर्जी जाधव सुरतेची खबर आणतो, हा प्रसंग तिच्यात आहे. बखरीचा लेखक आपल्या धन्याच्या वंशाचा गौरव करतो, आणि ते लपवीतही नाही. नर्मदांची ‘हकीकत’ सुरतेच्या एका पुत्राने आपल्या शहराच्या बाजूने लिहिली आहे. पोवाडा वीररसासाठी असतो. त्याला आकडे विचारू नयेत. मुलांसाठीचे चरित्र प्रसंग निवडून घेते. ऐतिहासिक कादंबरी तर दोन माणसांचे बंद दाराआडचे बोलणेही सांगते, जे कोणी ऐकलेले नसते. आणि तसे सांगण्याचा तिला हक्क आहे, कारण ती कादंबरी आहे.

ज्या मुलाला हे प्रकार ओळखता येतात, त्याला ओरडावे लागत नाही आणि मान खाली घालावी लागत नाही. तो म्हणू शकतो, ‘शहराचे नुकसान झाले हे खरे, तो मोगलांशी चाललेल्या युद्धाचा भाग होता हेही खरे. तू जे वाचलेस ती हकीकत, मी जी वाचली ती बखर. दोन्ही शेजारी ठेवून पाहू.’ परभाषक शेजाऱ्यांत राहणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठे शस्त्र आणि यापेक्षा मोठी ढाल मी देऊ शकत नाही.

घरात काय करता येईल

साहित्यप्रकारांच्या व्याख्या पाठ करून घेऊ नयेत. पुस्तक वाचून झाले की ‘काय शिकलास?’ याऐवजी चार प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो आहे? तो तेथे होता, की त्याने ऐकले, की त्याने कल्पिले? गोष्ट कोठे थांबली : बोधावर, हशावर, पेचावर, की आयुष्याच्या अखेरीवर? आणि हे मोठ्याने म्हणायचे आहे, पात्रे वाटून करायचे आहे, की एकट्याने वाचायचे आहे?

या प्रश्नांनी अवघड पुस्तकेही उलगडतात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्या. ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. गुरुजी अंमळनेरचे शिक्षक, म्हणजे सुरतेतल्या बहुतेक मराठी घरांच्या माहेरचे. त्या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्री’ आहेत. श्याम मित्रांना रोज रात्री आठवण सांगतो. मग ती कथा, कादंबरी की आत्मचरित्र? मुलाला वाद घालू द्यावा. सांगण्याची रीत कथेची, एका आयुष्याचा धागा कादंबरीसारखा, मजकूर पुष्कळसा स्वतःच्या जीवनातला. कधी कधी एकाच पुस्तकात दोन प्रकार सुखाने नांदतात, हे कळणे हीसुद्धा ओळखच आहे.

दुसरे, घरात एक साधी वही ठेवावी. डाव्या बाजूला मराठी नाव, उजव्या बाजूला गुजराती : गोष्ट–वार्ता, कादंबरी–नवलकथा, कोडे–उखाणुं, अंगाई–हालरडुं. मुलाने स्वतः ती भरावी. बेळगावच्या मुलाने कन्नडची भरावी, बिदरच्याने कन्नड-उर्दूची, आदिलाबादच्याने तेलुगूची. तिसरे, आपल्या मंडळांनी गणेशोत्सवात पुस्तके वाटताना एकाच छापाची बोधकथांची पुस्तके वाटू नयेत. दहा पुस्तकांत एक नाटुकल्याचे, एक कोड्यांचे, एक प्रवासाचे, एक विनोदी, एक चरित्राचे असावे. जे प्रकार मुलाने पाहिलेच नाहीत, ते ते ओळखणार कसे?

उधन्याच्या त्या आजोबांना मी त्या रात्री सांगितले, की पोरगी चुकली नाही. तिने दोन भाषांतून एक गोष्ट ओळखली. त्यांनी उत्तरपत्रिका हातात घेतली, फुलीच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘गोष्ट’ असे लिहिले आणि नातीचा ‘वार्ता’ हा शब्द मात्र खोडला नाही. मराठीने सुरतेत कसे राहावे, हे मला त्या दोन शब्दांत दिसले.